नेट स्लो? आधी राउटरवर कोण कोण चिकटलंय ते बघा

आमच्याकडं विश्रामबागला घरात माणसं तीन आणि राउटरवर डिव्हाइस दिसत होती अकरा! केबलवाल्याला उगाच शिव्या घालत होतो मी.

राउटर उलटा करा, खाली स्टिकर असतो, त्यावर १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असं काहीतरी असतंय, तो आकडा ब्राउझरमध्ये टाकायचा (मोबाईल त्याच वायफायवर पाहिजे बरं का), लॉगिन पण बऱ्याचदा तिथंच छापलेलं असतं आणि ते अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन असेल तर पहिलं तेच बदला. आत गेलात की जोडलेल्या डिव्हाइसची यादी बघा. मग वायरलेसमध्ये सिक्युरिटी (वायफायचं कुलूपच म्हणा) डब्ल्यूपीए३ नाहीतर डब्ल्यूपीए२ ठेवा. डब्ल्यूईपी हे जुनं कुलूप दिसलं तर लगेच काढा, ते मिनिटांत फुटतं. डब्ल्यूपीएस (बटण दाबून नाहीतर पिन टाकून वायफायला जोडायची सोय) बंद.

वायफायचा पासवर्ड म्हणून मोबाईल नंबर नको, तो अख्ख्या गल्लीला पाठ असतो. भडंग, छत्री, म्हैस, सोमवार असे काही संबंध नसलेले चार शब्द इंग्रजी अक्षरात जोडा, आता हेच ठेवू नका म्हणजे झालं. पाहुण्यांना गेस्ट नेटवर्क (त्याच राउटरवरचं वेगळं वायफाय) द्या.

आणि हो, पासवर्ड बदलला की टीव्ही, कॅमेरा सगळं परत जोडावं लागतं, त्यामुळं मॅच चालू असताना हे काम काढू नका, घरचे सोडणार नाहीत.