मूल संस्थेतून घरी परतल्यावर या चुका टाळा

बालगृहासारख्या संस्थेत राहिलेलं मूल घरी आलं की पहिले काही आठवडे बरेचदा शांततेत जातात. मूल सांगितलेलं ऐकतं, हट्ट करत नाही. घरचे म्हणतात, रुळलं! मग समुपदेशकाकडे जाणं थांबतं आणि कार्यकर्त्यांना 'आता यायची गरज नाही' असं कळवलं जातं. सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. मूल तेव्हा पाहुण्यासारखं वागत असतं, आपल्याला इथे खरंच ठेवून घेणार का याचा अंदाज घेत असतं. जरा भरवसा वाटू लागला की रडणं, उलट बोलणं, आदळआपट सुरू होते आणि नेमका तेव्हाच आधार तुटलेला असतो. पहिले सहा महिने तरी भेटी चालू ठेवा.

याच काळात 'परत पाठवून देईन' हे तोंडून निघतं. इतर मुलांना ती नुसती धमकी वाटेल. या मुलाने ते भोगलेलं आहे. बोलून गेलात तर त्याच दिवशी सांगा, 'मी रागात बोललो, ते चुकलं.' मात्र ताब्याचा, म्हणजे मूल कोणाकडे राहणार याचा, निर्णय अजून व्हायचा असेल, तर 'तू कायम इथेच राहशील' असं वचन देऊ नका.

उशीखाली खाऊ सापडला तर ती चोरी समजू नका. उपाशी राहिलेलं किंवा ठरावीक वेळीच खायला मिळालेलं मूल साठवून ठेवतं. कपाटाला कुलूप लावलं की साठवणं वाढतंच. त्यापेक्षा कोरड्या खाऊचा एक डबा त्याच्या हाताशी ठेवा आणि रोज संध्याकाळी त्याच्यासोबत भरा.

बऱ्याच मुलांसोबत झोपायची सवय असलेल्या मुलाला वेगळी खोली बक्षीस वाटेलच असं नाही. मंद दिवा ठेवा, दार उघडं ठेवा. अंथरूण ओलं झालं तर ओरडू नका, पाणी प्यायला देणं बंद करू नका. उशाशी कोरडी चादर ठेवा. लघवीला जळजळ किंवा सतत तहान असेल तर डॉक्टरांना दाखवा.

संस्थेतल्या ताई-दादांचं नाव घरात काढायचं नाही, असा नियम नको. सुरक्षित असेल तिथे आठवड्याला एक ठरलेला फोन होऊ द्या. घरातल्या भावंडालाही रोज दहा-पंधरा मिनिटं फक्त त्याची द्या, कारण त्याचीही जागा हलली आहे.

घरी आणण्याआधीच औषधांची मात्रेसह यादी, लसीकरणाची नोंद आणि शाळेचे कागद हातात घ्या. मूल बरं दिसतंय म्हणून औषध परस्पर बंद करू नका. फिट्सचं औषध अचानक थांबवलं तर जोराचा झटका येऊ शकतो.