दमट हवेतही कुरकुरीत राहणारा काजू-तीळ बार

विकतच्या बारच्या पाकिटावर घटक वाचा, वजनाने जास्त ते आधी छापतात, नि बरेचदा वरच ग्लुकोज सिरप असतं. घरी करावा तर आपल्या गोव्याच्या हवेत लगेच चिकट होतो. सगळी मेख पाकात आहे.

काजूतुकडा, तीळ नि थोडं नाचणीचं पीठ (कॅल्शियम भरपूर) वेगवेगळं भाजून घ्या. दीड वाटी मिश्रणाला वाटीभर माडाचा गूळ, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळतो तो काळा, थोड्या पाण्यात विरघळवून गाळायचा, कारण कचरा निघतोच, मग उकळत ठेवून थेंब गार पाण्यात टाकून बघायचा, गोळी टणक होऊन वाटीवर टण्ण वाजली की गॅस बंद. मिसळा, तूप लावलेल्या ताटात थापा, कोमट असतानाच कापा, गार झाले की घट्ट डब्यात.

डायबिटीस असेल तर जपून, माडाचा झाला तरी गूळ म्हणजे साखरच.