पिकअपच्या टायरला प्रेशर सेन्सर: बसवायचे कसे, अलार्म लावायचा कुठे

मालवाहू पिकअपला टायर प्रेशरचे सेन्सर लावणारे वाढलेत, पण अनेक गाड्यांत डिस्प्लेचा आवाज दुसऱ्याच आठवड्यात बंद करून टाकलेला असतो. याचं कारण साधं आहे. बाजारातली बहुतेक किटं कारच्या हिशेबाने सेट होऊन येतात. मागच्या टायरात ६० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरली की ती सकाळपासूनच कोकलायला लागतात. ड्रायव्हर वैतागून अलार्म बंद करतो आणि पुढे खरंच हवा उतरते तेव्हा कोणाला पत्ता नसतो. म्हणजे सेन्सर फिरवून बसवणं हे अर्ध्या तासाचं काम, मर्यादा नीट लावणं हे खरं काम.

किट घेताना आधी खोक्यावर मोजण्याची मर्यादा वाचा. ती ३.५ बार असेल तर किट तिथेच ठेवा. १ बार म्हणजे १४.५ पीएसआय, म्हणजे ते ५० च्या पुढे मोजणारच नाही. पिकअपसाठी ८ बार, म्हणजे ११६ पीएसआयपर्यंत मोजणारं हवं. पुढच्या आणि मागच्या टायरांच्या अलार्मची मर्यादा वेगवेगळी लावता येते का, हेही दुकानातच बटणं दाबून बघा. काहींत चारही टायरांना एकच आकडा लागतो. ते पिकअपला कामाचं नाही.

व्हॉल्व्हच्या टोपणाच्या जागी बसणारे बाहेरचे सेन्सर आणि रिमच्या आत बसणारे, असे दोन प्रकार मिळतात. गाडीला ट्यूबचे टायर असतील तर बाहेरचेच घ्यावे लागतात, आतले फक्त ट्यूबलेसला चालतात. ट्यूबलेस असूनही गाडी रोज पांदण रस्त्याने शेतात जात असेल, तुरीच्या धसकटांवरून आणि बाभळीच्या काट्यांवरून फिरत असेल, तर आमचं मत बाहेरच्याच बाजूने आहे. दर पंक्चरला टायर रिमवरून उतरतो आणि आतला सेन्सर त्यात कधी ना कधी तुटतो. गाडी बहुतेक डांबरी आणि सिमेंटच्या रस्त्यावरच चालत असेल तर आतला चांगला. तो चोरीला जात नाही आणि तापमानही खरं दाखवतो.

डिस्प्लेबाबत एक गोष्ट इकडच्या उन्हामुळे सांगावी लागते. सोलरवर चालणारा डिस्प्ले डॅशबोर्डवर चिकटवायचा असतो. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा काचा बंद करून उभ्या केलेल्या गाडीचा डॅशबोर्ड हात ठेववणार नाही इतका तापतो. चिकटपट्टी सुटते, आतली बॅटरी फुगते. त्यापेक्षा लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारा डिस्प्ले घ्यावा.

बसवणं

काम सकाळी करा. गाडी किमान तीन तास उभी असावी आणि टायरांवर ऊन आलेलं नसावं. किती हवा भरायची याचा आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तकात असतो. रिकाम्या आणि भरल्या गाडीचे आकडे वेगळे दिलेले असतील तर रोज माल भरणाऱ्याने भरल्या गाडीचा धरावा. टायरच्या बाजूला कोरलेला आकडा हा त्या टायरची थंड असतानाची कमाल मर्यादा असते, भरायची हवा नव्हे. आणि पासिंगपेक्षा जास्त माल टाकून "हवा वाढवू, मग चालतं" हा हिशेब खोटा आहे. जास्त हवेने रिम, ॲक्सल आणि ब्रेक यांची ताकद वाढत नाही.

स्वतःचं प्रेशर गेज ठेवा. रस्त्याकडेच्या कॉम्प्रेसरचा काटा धुळीने आणि आदळून चुकीचा झालेला असू शकतो.

सेन्सर लावण्याआधी व्हॉल्व्ह बघा. ट्यूबलेसचा रबरी व्हॉल्व्ह बोटाने वाकवा. मुळाशी भेगा दिसल्या तर तो बदलायचाच. साधा रबरी व्हॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतचाच असतो, आणि त्याच्या टोकावर सेन्सरचं वजन चढलं की खड्ड्यात तो हलून हलून मुळाशीच फाटतो. मागच्या चाकांना नटाने आवळायचा धातूचा व्हॉल्व्ह टाकून घ्या. ट्यूबचा व्हॉल्व्ह रिमच्या भोकात तिरपा बसला असेल तर आधी ट्यूब सरळ करून घ्या.

आता व्हॉल्व्हचे आटे फडक्याने पुसा. किटमधला पातळ षटकोनी नट आधी व्हॉल्व्हवर खालपर्यंत फिरवा. मग सेन्सर हाताने बसवा. सुरुवातीला 'फुस्स' होईल, पुढे आवाज थांबेल. हाताने घट्ट झाला की पक्कड लावू नका, आतली रबराची रिंग चिरडते. शेवटी तो नट उलटा फिरवून खालून सेन्सरला भिडवा आणि किटमधल्या पान्याने आवळा. हा नट नसला तर सेन्सर सैल होतो किंवा बाजाराच्या दिवशी कोणीतरी काढून नेतो.

यानंतरची पायरी गाळली जाते, आणि तिथेच घोळ होतो. बाहेरचा सेन्सर व्हॉल्व्हची पिन कायम दाबून ठेवतो. म्हणजे आता हवा अडवून धरणारा व्हॉल्व्ह नाही, सेन्सरमधली ती रबरी रिंग आहे. म्हणून वाटीभर पाण्यात कपड्याची पावडर घोळून फेस करा, सेन्सरवर सोडा आणि मिनिटभर नीट बघत राहा. मोठे बुडबुडे लगेच दिसतात. बारीक गळती मात्र मोहरीएवढ्या पांढऱ्या फेसासारखी सेन्सरच्या बुडाशी हळूहळू साचते. तसं दिसलं तर काढून रिंगेवरची धूळ पुसा, पुन्हा बसवा. तरीही आलं तर रिंग बदला.

सेन्सरवर कोणत्या चाकाचा ते लिहिलेलं असतं, त्याच चाकाला लावा. पुढे टायरांची अदलाबदल कराल तेव्हा सेन्सर जुन्या जागी परत लावायला विसरू नका. नाहीतर डावा मागचा कमी दाखवेल आणि तुम्ही उजवा तपासत बसाल.

अलार्मचे आकडे

हवा तापली की दाब वाढतो, हे सगळ्यांना माहीत असतं. किती वाढतो, ते माहीत नसल्याने नुकसान होतं. ६० पीएसआयच्या टायरात दर १० अंशांना साधारण अडीच पीएसआय वाढतात. मार्चातल्या सकाळी २५ अंशांवर ६० भरली आणि दुपारी माल घेऊन धावताना टायरातली हवा ६५ अंशांवर गेली, तर डिस्प्ले ७० दाखवणार. हे बरोबर आहे, काही करायचं नाही. पण ढाब्यावर कोणीतरी "लय हवा झाली भाऊ" म्हणतं आणि १० सोडून दिली जाते. दुसऱ्या सकाळी तोच टायर थंड झाला की त्यात ५१ उरलेली असते. त्यावर पुन्हा माल चढतो, टायरची बाजू जास्त दबते, प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते आणि आतून आणखी तापते. टायर फुटतो तो बहुधा असा, कमी हवेने. समृद्धीसारख्या रस्त्यावर तासन्‌तास एकसारख्या वेगाने जाताना हे तापणं थांबायला उसंतच मिळत नाही. गरम टायरातली हवा कधीही सोडू नका.

समजा तुमच्या गाडीचा आकडा पुढे ४० आणि मागे ६० आहे. अलार्मची खालची मर्यादा या थंड टायरात भरायच्या आकड्याच्या १२ टक्के खाली ठेवा, म्हणजे पुढे ३५, मागे ५३. वरची २५ टक्के वर, म्हणजे ५० आणि ७५. अमेरिकेतल्या नियमात इशारा २५ टक्के हवा उतरल्यावर द्यायचा आहे, म्हणजे आपल्या मागच्या टायराला ४५ वर. भरल्या पिकअपला तो इशारा उशिराचा. तापमानाचा अलार्म बऱ्याच किटांत ७० अंशांवर असतो. उन्हाळ्यात तो ८० वर न्या.

डिसेंबरात पहाटे १० अंश असताना अलार्म वाजला तर आधी पंक्चर शोधू नका. ऑक्टोबरात २५ अंशांवर भरलेल्या ६० चे अशा थंडीत ५६ होतात, आणि महिन्याला पीएसआय-दोन पीएसआय आपोआपही उतरते. थंडी पडली की एकदा हवा भरून घ्यायची.

चालताना एकेक आकडा बघत बसण्यापेक्षा एकाच ॲक्सलवरच्या दोन टायरांची तुलना करा. दोन्ही बरोबर वाढले तर ऊन आणि वजन. एक मागे राहिला, ३-४ पीएसआयचा फरक पडला आणि वाढतच गेला, तर खिळा किंवा काटा आहे. एका चाकाचं तापमान जोडीदारापेक्षा १५ अंशांनी जास्त असेल तर हवेकडे नाही, ब्रेक चिकटला आहे का किंवा बेअरिंग गेलं आहे का, तिकडे बघा. गाडी उन्हात उभी असेल तर उन्हाकडच्या बाजूला दोन-तीन पीएसआय जास्त दिसतात. ते सोडून द्या.

हवा भराभर उतरायला लागली तर ब्रेकवर उभे राहू नका. स्टिअरिंग सरळ धरा, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा आणि गाडी कडेला घ्या. काळ्या मातीत भरलेली गाडी उचलायची वेळ आली तर जॅकखाली फूटभर लांबीची जाड फळी घाला. फळी नसली तर जॅक खाली जातो, गाडी वर येत नाही.

बिघाड

मागच्या उजव्या चाकाचा आकडा गायब होणं ही नेहमीची तक्रार. अंतर जास्त आणि मध्ये लोखंड. पण सेन्सरला दोष देण्याआधी मोबाइलचा स्वस्त चार्जर सॉकेटमधून काढून बघा, त्याच्या गडबडीने सिग्नल दबतो. गाडी उभी असताना सेन्सर झोपतात, त्यामुळे दोन-तीन किलोमीटर चालवल्याशिवाय निकाल देऊ नका.

बाहेरच्या सेन्सरमध्ये बहुधा सीआर १६३२ सेल असतो आणि वर्ष-दोन वर्षं टिकतो. एक संपला की चारही बदला. आतल्या सेन्सरचा सेल सीलबंद असतो. पाच-सात वर्षांनी सेन्सरच नवा घ्यावा लागतो.

पंक्चर रोखणारं लिक्विड टायरात असेल तर सेन्सरचं बारीक भोक बुजतं आणि आकडा एकाच जागी अडकतो. लिक्विड घालायचंच असेल तर बाहेरचा सेन्सर लावा आणि तो काढताना चाक फिरवून व्हॉल्व्ह वर आणा, म्हणजे लिक्विड खाली राहतं.

स्टेपनीला पाचवा सेन्सर घेतला नसेल तर दर पंधरा दिवसांनी गेज लावा. तिच्यात मागच्या टायराएवढी हवा ठेवा. पुढे लावायची वेळ आली तर तेव्हाच पुढच्या आकड्यापर्यंत सोडता येते, शेतात भरता मात्र येत नाही.

आतले सेन्सर असतील तर टायर उघडायच्या आधीच पंक्चरवाल्याला सांगा, आणि व्हॉल्व्हजवळ खडूने खूण करा. टायरची कड व्हॉल्व्हच्या बरोबर समोरच्या बाजूने दाबायची आणि टॉमी (टायर उचकटायची लोखंडी पहार) व्हॉल्व्हच्या वीतभर अलीकडेपलीकडे घालायची नाही.