सदर्न बॅप्टिस्टांचा विश्वासनामा कसा वाचावा

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत राहणाऱ्या मराठी कुटुंबाला शेजाऱ्यांकडून कधी ना कधी रविवारच्या उपासनेचे आमंत्रण येते. त्या चर्चच्या संकेतस्थळावर ‘आमचा विश्वास’ या मथळ्याखाली अनेकदा एकाच दस्तऐवजाचा उल्लेख असतो, तो म्हणजे ‘बॅप्टिस्ट फेथ अँड मेसेज’, आवृत्ती २०००; हाच ‘सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन’ या प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या संस्थेचा विश्वासनामा. अवघ्या १८ कलमांचा हा मजकूर तासाभरात वाचून होतो. तथापि, कोणते वाक्य कधी आणि कोणत्या वादातून आले हे ठाऊक नसेल, तर त्यातील निम्मा अर्थ निसटतो.

प्रथम प्रस्तावना वाचावी; बहुतेक वाचक तीच गाळतात. प्रेषितांचा विश्वासांगीकार उपासनेत एकसुराने म्हणण्याची सवय असलेल्या मराठी ख्रिस्ती माणसाला हा मजकूरही त्याच जातीचा वाटण्याचा संभव आहे, पण बॅप्टिस्ट तो तसा मानत नाहीत. विश्वास आणि आचरण यांबाबत अंतिम अधिकार फक्त पवित्र शास्त्राचा, आणि हा विश्वासनामा म्हणजे त्या त्या काळी मतदानाने मान्य झालेले निवेदन, अशी त्यांची भूमिका आहे. म्हणूनच १९२५, १९६३ आणि २००० अशा त्याच्या तीन आवृत्त्या झाल्या.

त्यानंतर १९६३ आणि २००० च्या आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवून पहिले कलम ताडून पाहावे. पवित्र शास्त्राचा अर्थ लावण्याचा निकष स्वतः येशू ख्रिस्त आहे, असे वाक्य १९६३ मध्ये होते. २००० मध्ये ते काढले गेले. त्याऐवजी संपूर्ण शास्त्र ख्रिस्ताविषयी साक्ष देते असे म्हटले गेले आणि सर्व शास्त्र पूर्णतः सत्य व विश्वसनीय असल्याचे विधान जोडले गेले. नवख्या वाचकाला हा फरक केवळ शब्दांचा वाटेल. परंतु जुन्या वाक्याच्या आधारे शास्त्रातील अडचणीची वचने बाजूला सारता येतात, असा पुराणमतवाद्यांचा आक्षेप होता, तर त्या वाक्याशिवाय ग्रंथच ख्रिस्तापेक्षा मोठा ठरतो, असे विरोधक म्हणत. १९७९ मध्ये ह्यूस्टन येथे पुराणमतवादी पाळक एड्रियन रॉजर्स संस्थेच्या अध्यक्षपदी निवडून आले, तेव्हापासून पुराणमतवादी गटाने संस्थेची सूत्रे क्रमाक्रमाने हाती घेतली, आणि २००० ची आवृत्ती तयार करणाऱ्या समितीचे प्रमुखही रॉजर्सच होते. माझ्या मते या एका कलमाची तुलना नीट केली, तर उरलेल्या बदलांमागची दिशा आपोआप लक्षात येते.

सहावे कलम मंडळीविषयी आहे. येथे दोन गोष्टी एकत्र वाचाव्या लागतात. प्रत्येक स्थानिक मंडळी स्वायत्त असून तिच्यावर बिशप किंवा धर्मसभा नसते, ही पहिली. आणि पाळकपद पुरुषांपुरते मर्यादित आहे, ही दुसरी. स्वायत्त मंडळीने स्त्रीला पाळक नेमले तर काय करायचे? तिची नेमणूक रद्द करण्याचा अधिकार संस्थेला नाही. मात्र ती मंडळी आता आपल्या सहकार्यात नाही, असे संस्था जाहीर करू शकते. कॅलिफोर्नियातील सॅडलबॅक चर्चबाबत २०२३ मध्ये हेच घडले. त्याच वर्षी ‘पाळक’ या शब्दाला ‘वडील’ आणि ‘अध्यक्ष’ हे शास्त्रातील पर्यायी शब्द जोडण्यात आले, जेणेकरून पदनाम बदलून पळवाट राहू नये. यासंबंधी संस्थेच्या घटनेतच स्पष्ट तरतूद करण्याचा प्रस्ताव मात्र २०२४ मध्ये सुमारे ६१ टक्के मते मिळूनही दोन-तृतीयांशाअभावी फेटाळला गेला.

सार्वजनिक जीवनाबाबत पंधरावे आणि सतरावे कलम जोडीनेच वाचावे. सतरावे सांगते की राज्य आणि चर्च वेगळे असावेत आणि कोणत्याही धर्माच्या पोषणासाठी राज्याने कर लावू नये. पंधरावे मात्र गर्भधारणेपासून नैसर्गिक मृत्यूपर्यंतच्या मानवी जीवनाच्या बाजूने बोलण्यास सांगते. संस्थेच्या वार्षिक सभेत होणारा ठराव हा विश्वासनाम्याहून वेगळा प्रकार आहे. या सभेला मंडळ्या जे लोक पाठवतात त्यांना प्रतिनिधी नव्हे, ‘मेसेंजर’ म्हणतात, कारण आपला अधिकार कोणाच्या हाती सोपवता येतो हेच बॅप्टिस्ट मानत नाहीत. ठराव हे त्या दिवशी सभागृहात मतपत्रिका उंचावणाऱ्यांचे मत असते. ते कोणत्याही मंडळीवर बंधनकारक नसते. १९७१ च्या ठरावाने बलात्कार किंवा आईच्या आरोग्याला धोका अशा प्रसंगी गर्भपाताला मुभा देणाऱ्या कायद्यांना पाठिंबा दिला होता, तर २००३ च्या ठरावाने त्या भूमिकेबद्दल खेद व्यक्त केला. गुलाममालकांना मिशनरी नेमावे की नाही या वादातून १८४५ मध्ये जन्मलेल्या या संस्थेने गुलामगिरीबद्दल क्षमा मागितली तीही ठरावानेच, १९९५ मध्ये. म्हणून ठराव वाचताना वर्ष आधी पाहावे.

उरतो तो सातव्या कलमाचा, म्हणजे बाप्तिस्म्याचा प्रश्न, जो मराठी ख्रिस्ती कुटुंबाला प्रत्यक्ष भिडतो. उपासनागृहात शिरताच व्यासपीठामागे, पडद्याआड किंवा काचेआड, माणूस पूर्ण बुडेल असा हौद बहुधा दिसतो; जुन्या चर्चमध्ये त्यामागच्या भिंतीवर यार्देन नदीचे चित्रही असते. अनेक प्रोटेस्टंट पंथांच्या एकीकरणातून चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना १९७० मध्ये नागपुरात झाली, तेव्हा त्यात उत्तर भारतातील बॅप्टिस्टही सामील झाले आणि बालबाप्तिस्मा व विश्वास ठेवल्यानंतरचा बाप्तिस्मा, दोन्ही मान्य झाले. सदर्न बॅप्टिस्टांना ही तडजोड मान्य नाही; विश्वास ठेवलेल्याला पाण्यात पूर्ण बुडवणे हाच त्यांच्या मते बाप्तिस्मा. तान्हेपणी शिंपडून बाप्तिस्मा झालेल्या माणसाला सभासदत्व हवे असल्यास, अशा मंडळीत सामान्यतः त्याला त्या हौदात उतरावे लागते, आणि ‘माझा तर हा दुसरा बाप्तिस्मा’ असे त्याने म्हटले, तर पाळक नम्रपणे ‘हा पहिलाच’ असे उत्तर देतात. काही मंडळ्या याबाबत थोड्या सैल असतात. ते विश्वासनाम्यात सापडणार नाही. त्यासाठी त्या मंडळीचे उपनियम मागून घ्यावेत आणि आमंत्रण देणाऱ्या शेजाऱ्यालाच आधी विचारावे.