म्युनिकला जाताय? या चुका टाळा

गेल्या वर्षी काका-काकू आमच्याकडे महिनाभर राहून मुंबईला परत निघाले. मला ऑफिसला पोचायचं होतं, म्हणून म्युनिकच्या मुख्य स्थानकावर त्यांना एस १ लोकलमध्ये बसवून दिलं. दोन मोठ्या बॅगा आत सरकवल्या आणि निर्धास्त झालो. पाऊण तासाने काकूंचा फोन आला, "अरे, विमानतळ कुठाय? हे तर साधं गावातलं स्टेशन दिसतंय."

ते फ्रायसिंगला उतरले होते. ही चूक म्युनिकला येणाऱ्या कितीतरी लोकांची होते, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

एस १ ही गाडी नॉयफार्न स्थानकात दुभंगते. मागचा भाग विमानतळाकडे जातो, पुढचा फ्रायसिंगला. प्रत्येक डब्यावर कुठे जाणार ते लिहिलेलं असतं. 'फ्लुगहाफन' म्हणजे विमानतळ. तो शब्द वाचल्याशिवाय चढू नका. चुकीच्या भागात बसल्याचं वाटेत लक्षात आलं, तर नॉयफार्नला गाडी थांबेल तेव्हा उतरून मागच्या भागात जा. थेट फ्रायसिंगलाच पोचलात, तरी धीर सोडू नका. स्थानकाबाहेरून विमानतळाला ६३५ क्रमांकाची बस जाते. काका-काकूंना तिनेच वेळेत पोचवलं. सामान जास्त असेल किंवा सोबत वयस्कर मंडळी असतील, तर मी आता एस ८ च सांगतो. ती दुभंगत नाही आणि वेळही साधारण तेवढाच, चाळीस मिनिटं. टेगर्न्झे तलावाकडे जाणाऱ्या गाड्याही होल्त्सकिर्खेन आणि शाफ्टलाखला अशाच वेगळ्या होतात, तिथेही डब्यावरची पाटी बघूनच बसा.

स्वस्त विमान शोधताना 'म्युनिक वेस्ट' असं नाव दिसलं, तर ते मेमिंगेनचं विमानतळ समजा. म्युनिक तिथून शंभराहून अधिक किलोमीटर लांब आहे.

नॉयश्वानस्टाइनचा दिवस

सगळ्यात जास्त हळहळ याच दिवशी होते. बव्हेरिया म्हणजे म्युनिक ज्यात येतं ते राज्य. तिथला राजा दुसरा लुडविग याने १८६९ मध्ये या किल्ल्याचं बांधकाम सुरू केलं. १८८६ मध्ये तो गेला तेव्हा काम अपुरंच होतं, आणि त्याच वर्षी किल्ला लोकांना बघायला खुला झाला. २०२५ मध्ये त्याच्या महालांना जागतिक वारसा म्हणून मान मिळाला, त्यामुळे गर्दी कमी होण्याची आशा सोडा. आत फक्त मार्गदर्शकाबरोबर, ठरलेल्या वेळीच सोडतात. तिकीट आधी ऑनलाइन काढावं, हे आता सगळ्यांना माहीत असतं. घोळ होतो तो वेळ निवडताना.

आपल्याकडचे बहुतेक जण बायर्न तिकीट घेतात. पाच जणांपर्यंत एकाच तिकिटावर दिवसभर बव्हेरियात फिरता येतं, त्यामुळे कुटुंबाला ते फारच परवडतं. पण सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊनंतरच चालतं. आता हिशोब करा. नऊनंतरची गाडी, फ्युसेनपर्यंत दोन तास, तिथून होहेनश्वानगाऊ गावापर्यंत बस, आणि मग किल्ल्यापर्यंत तीस-चाळीस मिनिटांचा चढ. सोबत आजी किंवा लहान मूल असेल तर पाऊण तास धरा. म्हणजे दरवाजात पोचेपर्यंत साडेबारा-एक वाजणार. तरी लोक उत्साहात साडेअकराची वेळ घेऊन बसतात! आपली वेळ टळली की तिकीट गेलं, विनंती करून काही होत नाही. कामाच्या दिवशी दीडच्या आधीची वेळ घेऊ नका. शनिवार-रविवारी हेच तिकीट मध्यरात्रीपासून चालतं, तेव्हा लवकर निघता येतं.

वर जाणारी बस आणि घोडागाडी दोन्ही आहेत, पण कुठलीच थेट दारात सोडत नाही. बर्फ पडला की बस बंद, आणि मारियनब्रुके हा पूलही बंद असू शकतो. किल्ल्याचा जो फोटो आपण कॅलेंडरवर बघतो, तो याच पुलावरून दिसतो. आत फोटो काढू देत नाहीत आणि फेरी अर्ध्या तासात आटोपते. म्हणून वेळ हुकलीच, तर हिरमुसून परत फिरू नका. पुलावर जा, मग खाली येऊन आल्पझे तलावाच्या काठाने चाला. माझ्या मते या सहलीचं खरं सुख त्या चालण्यातच आहे.

बायर्न तिकिटाच्या आणखी दोन गोष्टी. त्यावर प्रवाशांची नावं लिहावीच लागतात. आणि ते वेगवान आयसीई, आयसी गाड्यांना चालत नाही.

स्थानकावर

म्युनिकच्या मुख्य स्थानकात गाडी सुटायच्या पाच मिनिटं आधी पोचणं म्हणजे गाडी चुकवणंच. ११ ते २६ फलाट मोठ्या हॉलमध्ये आहेत, पण ५ ते १० आणि २७ ते ३६ हे दोन्ही बाजूंच्या वेगळ्या भागांत. गार्मिशकडे, म्हणजे त्सुगश्पिट्स या शिखराकडे जाणाऱ्या गाड्या बहुधा २७ ते ३६ मधूनच सुटतात. त्यात स्थानकाचं बांधकाम कित्येक वर्षं चालू आहे, त्यामुळे वळसे पडतात. पंधरा मिनिटं हाताशी ठेवा.

फलाटावरच्या पाटीवर 'फेल्ट आउस' दिसलं की गाडी रद्द. 'एसईव्ही' म्हणजे रेल्वेऐवजी बदली बस. शनिवार-रविवारी दुरुस्तीसाठी लोकलचा मधला मार्ग अनेकदा बंद असतो, तेव्हा आदल्या रात्री अ‍ॅपवर बघून ठेवा.

शहरातलं कागदी तिकीट नुसतं विकत घेऊन भागत नाही. फलाटाच्या तोंडाशी लहान निळी पेटी असते, तिच्या फटीत तिकिटाचं टोक सारायचं. खट् आवाज होतो आणि तारीख-वेळ उमटते. तो शिक्का नसेल तर तपासनीस ६० युरो दंड घेतो, पर्यटक म्हणून सूट नाही. शहराचा भाग म्हणजे 'एम' झोन. छळछावणीचं स्मारक असलेल्या डाखाऊसाठी एम-१ आणि विमानतळासाठी एम-५ असं तिकीट लागतं.

त्सुगश्पिट्स २९६२ मीटर उंच आहे. म्युनिकमध्ये लख्ख ऊन असताना वर नुसतं धुकं असू शकतं. वर जायचं तिकीट महाग आहे, त्यामुळे ते आधीपासून काढून ठेवू नका. सकाळी उठून शिखरावरचा वेबकॅम बघा आणि मगच निघा.

तारखा आणि कागदपत्रं

ऑक्टोबरफेस्ट हा बिअरचा उत्सव बघायला म्हणून ऑक्टोबरच्या मध्यावर येणाऱ्यांना मोकळं मैदान बघावं लागतं. १८१० पासूनचा हा उत्सव आता १५ सप्टेंबरनंतरच्या शनिवारी सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात संपतो. त्या दिवसांत हॉटेलं परवडत नाहीत, तेव्हा जवळच्या ऑग्सबुर्ग शहरात राहून ये-जा करा. रविवारी दुकानं बंद असतात, दूध-पोळ्यांची सोय शनिवारीच करा. सोमवारी अनेक संग्रहालयं बंद. त्या दिवशी डॉइचेस म्युझियम किंवा डाखाऊ ठेवा. डाखाऊच्या छळछावणीच्या स्मारकात प्रवेश मोफत आहे. १९३३ ते १९४५ या काळात तिथे दोन लाखांहून अधिक माणसं डांबली होती. अर्धा दिवस द्या, आणि लहान मुलांना नेऊ नका.

ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गला बायर्न तिकिटावर जाता येतं, म्हणून लोक ते म्युनिकचंच उपनगर असल्यासारखे निघतात आणि पासपोर्ट हॉटेलात ठेवतात. परतताना सीमेवर पोलीस गाडीत चढतात. मूळ पासपोर्टच जवळ हवा, फोनमधला फोटो नाही. आणि अनेक युरोपीय देशांत चालणारा शेंगेन व्हिसा ज्या देशात जास्त रात्री राहणार त्याच देशाकडे मागायचा असतो. स्वित्झर्लंडमध्ये सहा रात्री आणि म्युनिकमध्ये दोन, तर अर्ज जर्मनीकडे करू नका.

खाण्याची काळजी

शाकाहारी मंडळी इथे उगाच उपाशी राहतात. बव्हेरियातल्या बिअरगार्टनमध्ये, म्हणजे उघड्यावरच्या बिअरच्या बागांमध्ये, घरचं खाणं नेऊन खायची जुनी रीत आहे. पेय मात्र तिथलंच घ्यायचं, लिंबू सरबतही चालतं. टेबलावर कापड अंथरलं असेल तर तिथे वाढपी येतो, तिथे डबा उघडू नका. उघड्या लाकडी बाकांवर खुशाल बसा. काकूंनी चायनीज टॉवर या म्युनिकमधल्या बिअरगार्टनमध्ये मेथीचे ठेपले आणि लसणाची चटणी काढली, तेव्हा शेजारच्या आजींनी एक चाखून बघितला आणि आपल्या पावातला अर्धा तुकडा पुढे केला. ग्लासाबरोबर अनामतीचं एक टोकन देतात. ते खिशात जपून ठेवा, रिकामा ग्लास परत करताना ते दाखवलं की पैसे मिळतात.