बोटीचं इंजिन दम सोडून बंद पडतंय? शोध टाकीपासून सुरू करा

धक्क्याला बांधलेली असताना इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होतं, सुरेल चालतं. पाण्यात निघून थ्रॉटल पुढे ढकलला की काही मिनिटांत आवाज जड होतो, इंजिन गचके खातं, बोटीचा वेग उतरतो आणि सगळं शांत. थोडं थांबून चावी फिरवली की पुन्हा सुरू, पुन्हा तेच. अशा वेळी बहुतेक जण आधी स्पार्क प्लग बदलतात, मग कार्बोरेटर उघडतात, मग कॉइल (ठिणगीसाठी जोराचा दाब देणारा विजेचा भाग) मागवतात. खर्च होतो, दुखणं जागेवरच राहतं. कारण असल्या तक्रारीत बऱ्याचदा इंजिन धडधाकट असतं. त्याच्यापर्यंत इंधन पुरेसं पोचत नसतं. संथ चालताना थोडंसं पुरतं, जोर लावला की कमी पडतं.

भर पाण्यात बंद पडलं तर इंजिनाचं झाकण उघडण्याआधी नांगर टाका. दुरुस्तीत डोकं घातलं की बोट कुठे वाहत चालली आहे याचं भान राहत नाही. बोटीच्या आत बसवलेलं पेट्रोल इंजिन असेल तर ब्लोअर (इंजिनाच्या कप्प्यातली हवा बाहेर फेकणारा पंखा) किमान 4 मिनिटं चालवा आणि वास घेऊन बघा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी साचून राहते. वास येत असेल तर चावीला हात लावू नका.

आधी आठवा: बंद कसं पडलं?

बटण दाबल्यासारखं एकदम बंद पडलं तर संशय विजेवर. किल स्विचची दोरी (चालकाच्या अंगाला अडकवलेली, निसटली की इंजिन बंद करणारी) निसटली आहे का, बॅटरीची टर्मिनलं सैल आहेत का, हे आधी बघा. अर्धा तास डोकं खाजवल्यावर ही दोरी सापडते. धापा टाकत, हळूहळू बंद पडलं तर इंधन. अलार्म वाजून इंजिनाचे फेरे (आरपीएम) आपोआप उतरले तर इंजिन तापलंय किंवा ऑइल कमी आहे. नवी इंजिनं जीव वाचवायला स्वतःच ताकद कमी करतात. आउटबोर्डच्या (बोटीच्या मागे बाहेर लावलेल्या इंजिनाच्या) मागून पडणारी पाण्याची धार तेव्हा बघा. ती बारीक किंवा बंद असेल तर आधी तिचं भोक तारेने साफ करा, तरीही धार येत नसेल तर पाण्याच्या पंपाचा इम्पेलर (आतलं फिरतं पात्यांचं चक्र) तपासावा लागेल. आणि फेरे चढतायत पण बोट पुढे सरकत नाही, तर इंजिनाला बोल लावू नका: पंख्याचा (प्रोपेलरचा) हब, म्हणजे मधला गाभा, घसरतोय.

टाकीचं झाकण

हळूहळू बंद पडणाऱ्या इंजिनाची ही पहिली आणि फुकटची चाचणी. इंधन बाहेर जातं तितकी हवा टाकीत आत यावी लागते. सुट्या टाकीच्या झाकणावरचा व्हेंटचा (हवा आत घेणाऱ्या भोकाचा) स्क्रू बंद राहिला, किंवा पक्क्या टाकीच्या व्हेंटच्या जाळीत मीठ धरलं, किड्याने घर केलं, की टाकीत निर्वात तयार होतो आणि पंपाला इंधन ओढवत नाही. बंद पडल्या पडल्या झाकण सैल करा. फुस्स करून हवा आत गेली आणि त्यानंतर इंजिन नीट चाललं, तर शोध संपला.

प्रायमर बल्ब

आउटबोर्डच्या इंधननळीवरचा, हाताने दाबून इंधन पुढे ढकलायचा रबरी बल्ब पुष्कळ काही सांगतो. एकाने सुकाणू धरावं, दुसऱ्याने बल्बवर हात ठेवावा. इंजिन दम सोडायला लागलं की बल्ब दाबत राहायचा. इंजिनाने पुन्हा उचल घेतली, तर पुरवठाच कमी पडतोय. बल्ब चपटा होऊन तसाच राहत असेल तर अडथळा त्याच्या अलीकडे, म्हणजे टाकीच्या बाजूला आहे: व्हेंट, टाकीतली उपसनळी, किंवा टाकीच्या तोंडावरचा अँटी-सायफन व्हॉल्व्ह (नळी फुटली तरी टाकीतलं इंधन आपोआप वाहू न देणारा). कितीही दाबला तरी बल्ब कडक होत नसेल तर कुठून तरी हवा शिरतेय, नाहीतर बल्बमधले व्हॉल्व्ह गेलेत. बल्ब चपटा राहत नाही, लगेच भरतोही, तरी इंजिनात काहीच फरक नाही, तेव्हा कुठे कार्बोरेटर आणि इग्निशनकडे (ठिणगीच्या यंत्रणेकडे) वळायचं.

हवा शिरण्याची गोष्ट फसवी आहे. नळी बाहेरून कोरडी ठणठणीत दिसते, कारण पंप ओढत असताना तिथून इंधन बाहेर गळत नाही, हवा आत येते. चिरलेल्या स्ट्रॉने सरबत ओढल्यासारखं. कनेक्टरच्या ओ-रिंग आणि क्लॅम्प आधी तपासा. जुन्या नळीत आणखी एक दोष लपलेला असतो: आतलं अस्तर सुटतं आणि ओढ वाढली की तेच नळी बंद करतं. अशी नळी फुंकून बघितली तर मोकळीच वाटते. जुनी असेल तर सरळ बदला.

दुसरी टाकी

माझ्या मते सगळ्यात खात्रीची चाचणी हीच. स्वच्छ सुटी टाकी, ताजं पेट्रोल, नवी नळी आणि नवा बल्ब थेट इंजिनाला जोडा, आणि ज्या वेगाला, जितक्या वेळाने ते बंद पडायचं त्याहून जास्त वेळ चालवा. नीट चाललं तर दोष बोटीच्या टाकीत, नळीत किंवा फिल्टरमध्ये. इथेही बंद पडलं तर दोष इंजिनावर.

फिल्टर आणि पाणी

पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरमधलं पेट्रोल काचेच्या बरणीत ओता आणि थोडा वेळ हलवू नका. पाणी असेल तर तळाशी वेगळा थर बसतो, मधली रेघ स्पष्ट दिसते. इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतली ओल धरून ठेवतं, पण मर्यादेपलीकडे पाणी झालं की इथेनॉलसकट तळाला बसतं, आणि उपसनळीचं तोंडही तळाशीच असतं. अशी टाकी पूर्ण उपसावी लागते. बाटलीतलं औषध ओतून भागत नाही.

तापल्यावरच बंद पडत असेल तर

गरम झाल्यावर बंद आणि गार झाल्यावर सुरू, हे लक्षण कॉइलचंही असतं. पण ठिणगी गार इंजिनावर तपासून उपयोग नाही. स्पार्क टेस्टर जवळ ठेवा, बंद पडल्या पडल्या लावा. पेट्रोलचा वास असेल तर ही चाचणी करायची नाही.

डिझेल असेल तर

डिझेल टाकीच्या तळाशी गाळ आणि बुळबुळीत जीवाणूंचा थर साचतो. शांत पाण्यात काही होत नाही. लाटांमध्ये टाकी घुसळली की फिल्टर तुंबतो, म्हणून नेमकं खवळलेल्या पाण्यातच इंजिन मान टाकतं. फिल्टर बदलल्यावर हवा काढावीच लागते: फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा स्क्रू) सैल करून, हाताचा पंप मारत, बुडबुडे थांबून सलग डिझेल येईपर्यंत. कॉमन रेल (एकाच सामायिक नळीतून जबर दाबाने डिझेल पुरवणाऱ्या) इंजिनाच्या उच्च दाबाच्या नळ्या मात्र घरच्या पान्याने सैल करू नका, ती फवार कातडीत घुसते. काळा धूर सोडत ताकद गेली असेल तर एअर फिल्टर बघा आणि पंख्यात दोरी किंवा जाळं अडकलंय का तेही बघा.

एवढं करून हाती काही लागलं नाही तर मेकॅनिककडून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासून घ्या. बोलावताना त्याला सांगा: किती फेऱ्यांवर, किती वेळाने, एकदम की हळूहळू, आणि दुसऱ्या टाकीवर काय झालं.