मणक्यातल्या गाठीसाठी सर्जनकडे जाताना

गाठ साधी आहे, कॅन्सरची नाही, हे कळलं की माणूस निर्धास्त होतो आणि अर्धी फाईल घेऊन सर्जनकडे जातो. रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या, सोबतीला कुणीतरी, हे वेगळं सांगत नाही. सीडी घ्या. एमआरआयची सीडी, आणि नुसती ताजी नव्हे, जुनीसुद्धा. आमचं मागच्या वेळी तिथेच अडलं.

मेनिंजिओमा (मज्जारज्जूच्या आवरणातली गाठ) किंवा श्वानोमा (नसेच्या वेष्टणातली गाठ) लहान असेल, त्रास देत नसेल, तर ठरावीक काळाने एमआरआय काढून नजर ठेवणं हाही उपचारच. पण गाठ वाढतेय की नाही, हे दोन तारखांच्या प्रतिमा शेजारी-शेजारी लावल्याशिवाय कसं कळणार? रिपोर्टात '१४ बाय ११ मिमी' लिहिलेलं असतं. ते माप नेमकं कुठल्या छेदावर घेतलं, हे सीडीतच दिसतं. फिल्मचा मोबाईलवर काढलेला फोटो कामाचा नाही. सीडी घरीच उघडून बघा, कॉन्ट्रास्टच्या, म्हणजे शिरेतून औषध टोचून काढलेल्या, प्रतिमा आहेत ना याची खात्री करा. जुनी सीडी हरवली असेल तर सेंटरकडून आधीच मागवा. आधीच, आदल्या संध्याकाळी नव्हे.

दुखणं कधी आणि कशाने थांबतं ते लिहून न्या. रात्री झोपेतून उठवणारं आणि आयब्युप्रोफेनसारख्या गोळीने पटकन उतरणारं दुखणं असेल तर ऑस्टिऑइड ऑस्टिओमाची, म्हणजे हाडातल्या एका छोट्या साध्या गाठीची, शंका येते. तिथे जागा सोयीची असेल तर सुईतून उष्णता देऊन गाठ जाळता येते, मोठं ऑपरेशन टळतं. हेमँजिओमा, म्हणजे मणक्याच्या हाडातली रक्तवाहिन्यांची गाठ, बहुतेकदा योगायोगाने सापडतो आणि त्याला हातही लावावा लागत नाही. उगाच घाबरू नका.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सांगा. स्वतःच्या मनाने बंद करू नका.

विचारायचं ते असं: गाठ हाडात आहे, मज्जारज्जूच्या बाहेर की आत? पूर्ण निघेल? ऑपरेशन चालू असताना नसांचं मॉनिटरिंग असेल? स्क्रू घालावे लागतील? रेडिओसर्जरी, म्हणजे चिरफाड न करता गाठीवर नेमके किरण सोडणं, चालेल का?

पायातली ताकद जायला लागली, लघवी अडली किंवा नकळत सुटली, बैठकीची जागा बधिर झाली, तर अपॉइंटमेंट गेली खड्ड्यात. तडक इमर्जन्सीत जा. तेव्हा सीडी नसली तरी चालेल.

ऑपरेशन ठरलं की उपाशी कधीपासून राहायचं वगैरे तिथलेच सांगतात. नंतरच्या सीडी जुन्यांबरोबर एकाच पाकिटात, तारखा घालून. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट मागून घ्या. गाठीचा प्रकार तिथेच पक्का होतो.